डाव्या बाजूला कॅन्सर निघालाय. सोमवारीच ऑपरेशन करून टाकावं का?

तिसरं गेट, बेळगाव

नमस्कार. इथं मी नेहमी नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. वय ४६, पाळी चालू आहे. गणपतीच्या आदल्या आठवड्यात अंघोळ करताना डाव्या स्तनात काखेच्या बाजूला गाठ हाताला लागली. दुखत नाही, खुपत नाही. मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि मग सुईनं तुकडा काढून तपासणी, सगळं झालं. काल रिपोर्ट आला: इन्व्हेसिव्ह डक्टल कार्सिनोमा, ग्रेड २. गाठ २.८ सेंटिमीटर. सोनोग्राफीत काखेतही एक गाठ मोठी दिसतेय.

ज्यांना दाखवलं ते सर्जन म्हणाले, सोमवारी भरती व्हा, स्तन काढून टाकू, विषय मिटेल. खोलीचे पैसे आधी भरायला सांगितलेत. संमतीचा कागद कन्नड आणि इंग्रजीत आहे, मिस्टरांनी सही करायला घेतला होता, मी थांबवलं.

घरात प्रत्येकाचं वेगळं. सासूबाई म्हणतात चाकू लावू नका, पसरतो, वैद्याकडं जाऊ. पुण्याचे दीर म्हणतात मुंबईला टाटाशिवाय कुठं जायचंच नाही. माझा भाऊ हुबळी म्हणतोय. मिस्टर उद्यमबागेत फाउंड्रीत आहेत, सुट्टी मिळते पण पगार कापून. मुलगी पीयूसी दुसऱ्या वर्षाला, मुलगा आठवीत.

मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. स्तन काढावाच लागतो का? आणि कुठं जायचं?

निपाणीची मावशी

बाळ, सोमवारी जाऊ नकोस. भरती व्हायला कधीबी येतंय, आधी रिपोर्ट पुरा येऊ दे. मी विड्या वळणारी बाई, हे माझी लेक टाईप करतीया. माझंबी असंच झालतं. मला एका मॅडमनी बसवून सांगितलं की कॅन्सर कॅन्सर म्हणत्यात पण तो एका जातीचा नसतोय, आधी जात बघायची मग औषध ठरवायचं. माझा हार्मोनवाला निघाला. ऑपरेशन, लाईट म्हंजे किरणांचा उपचार, आणि मग रोजची एक गोळी, टॅमोक्सिफेन. पाच वर्षं सांगितल्याली, पुढं आणि वाढवली. आज मी लग्नाला जातो, भाकऱ्या थापतो, सगळं करतो.

लई रडू आलं तर रड. पण सही करायच्या आधी रिपोर्ट बघ.

लॅबवाला

ताई, मावशी ज्याला जात म्हणतात त्या तपासणीचं नाव आयएचसी. तुमच्या रिपोर्टच्या तळाशी बघा, बहुतेक ‘आयएचसी सुचवले आहे’ अशी ओळ असेल. काढलेला तुकडा लॅबमध्ये मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो. त्याच ठोकळ्यावर ही तपासणी होते, पुन्हा सुई टोचावी लागत नाही. तीन गोष्टी कळतात: ईआर, पीआर आणि हर-टू. पहिल्या दोन हार्मोनच्या. हर-टू हे गाठीच्या पेशींवरचं एक प्रथिन, त्याचा स्कोअर ०, १+, २+ किंवा ३+ असा येतो. ० आणि १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ आला तर गोष्ट अर्धवट राहते आणि फिश नावाची पुढची तपासणी करावी लागते. ती केल्याशिवाय कुणी औषध ठरवू नये.

आणखी एक. ब्लॉक, म्हणजे तो ठोकळा, आणि स्लाइड्स लॅबकडून मागून घेता येतात. लेखी अर्ज द्या, पावती घ्या आणि ताब्यात घ्या. दुसरीकडं मत घ्यायला गेलात की पहिली मागणी त्यांचीच होते. आपल्याकडं लोक नुसत्या कागदाची झेरॉक्स घेऊन मुंबई गाठतात आणि स्लाइडसाठी परत येतात.

येळ्ळूरची

ताई, काळजी घ्या. माझी नणंद यातून गेलीय. रात्री कितीही वाजता मेसेज करा.

घटप्रभा

मी कर्करोग शस्त्रक्रियेच्या विभागात काम करतो. तुम्हाला तपासलेलं नाही, म्हणून निर्णय इथून देणार नाही. पण डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा काय विचारायचं ते सविस्तर सांगतो, कारण सोमवारची घाई मला पटलेली नाही.

तुमची गाठ २ ते ५ सेंटिमीटरच्या गटातली. काखेतल्या गाठीत कॅन्सर आहे की ती नुसती सुजलीय, हे सोनोग्राफीवरून ठरत नाही. त्यात बारीक सुई घालून पेशी तपासायच्या, साधं काम आहे. ते झालं का, हे पहिलं विचारा.

आता मूळ मुद्दा. गाठ एवढी असेल किंवा काखेत पोचली असेल आणि हर-टू पॉझिटिव्ह असेल, किंवा ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह असतील, तर हल्ली बहुतेक ठिकाणी आधी किमो आणि मग ऑपरेशन असा क्रम ठेवतात. एक तर गाठ आकसते आणि स्तन वाचवायला जागा मिळते. दुसरं, औषध लागू पडतंय का हे डोळ्यांसमोर दिसतं, आणि ऑपरेशनमध्ये गाठ शिल्लक निघाली तर पुढचं औषध बदलता येतं. आधीच सगळं कापून टाकलं की ही माहिती कायमची जाते. उलट हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह निघाला तर आधी ऑपरेशन हा रास्त क्रम असू शकतो. म्हणजे आयएचसी हातात नसताना सोमवार ठरवणं म्हणजे रस्ता न बघता एसटीत बसणं.

स्तन काढावाच लागतो का? बऱ्याच जणींचा काढावा लागत नाही. १९७० च्या दशकात मिलानमध्ये उंबेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी हाच प्रश्न घेऊन मोठे अभ्यास केले. काही बायकांचा पूर्ण स्तन काढला, काहींची फक्त गाठ काढून लाईट दिले. २० वर्षं पाठपुरावा करून २००२ मध्ये निकाल छापले: जगण्याचं प्रमाण दोन्हीकडं सारखंच. पण फिशरच्या अभ्यासातली दुसरी बाजूही लक्षात ठेवा. गाठ काढून लाईट न घेतलेल्यांपैकी ३९ टक्के बायकांना त्याच स्तनात पुन्हा गाठ आली, लाईट घेतलेल्यांत १४ टक्के. तेव्हा स्तन वाचवायचा तर लाईट पूर्ण करायचेच, अर्धवट सोडायचे नाहीत. पूर्वी त्याला पाच-सहा आठवडे लागायचे, आता बहुतेकींचं तीन आठवड्यांत १५ वेळांत होतं. डावी बाजू आहे म्हणून श्वास रोखून लाईट देण्याची सोय आहे का तेही विचारा. त्यानं हृदय बाजूला राहतं.

पूर्ण काढावा लागतो तो वेगळ्या कारणांनी: स्तनात बऱ्याच ठिकाणी गाठी असतील, स्तनाच्या मानानं गाठ फार मोठी असेल, आधी छातीला लाईट दिलेले असतील. आणि स्तन काढला की किमो आणि लाईट टळतात, ही समजूत मनातून काढा. काखेत कॅन्सर असेल तर स्तन काढूनही लाईट लागू शकतात. किमो लागतो का हे रोगाचा प्रकार आणि काख ठरवते, स्तन ठेवला की काढला यावर ते अवलंबून नाही.

आधी ऑपरेशन ठरलं तर एक बारीक गोष्ट. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटानं २०२३ मध्ये छापलेल्या अभ्यासात ऑपरेशनच्या थोडं आधी गाठीभोवती लिडोकेन हे साधं भुलीचं औषध टोचलं. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. औषध अगदी स्वस्त आहे. तुमचे सर्जन ते देतात का, विचारायला काहीच हरकत नाही.

तिसरं गेट, बेळगाव

डॉक्टर, तुमचं दोनदा वाचलं, मग मिस्टरांना मोठ्यानं वाचून दाखवलं. खोलीचे पैसे भरले नाहीत. लॅबमध्ये ब्लॉकवर आयएचसी करायला सांगून आलो.

पण मनात एकच चाललंय. थांबलं तर तेवढ्यात पसरणार नाही ना? आणि सासूबाई म्हणतात तसं सुई टोचल्यामुळं पसरतो का?

घटप्रभा

सुईनं पसरत नाही. जगभर निदान याच पद्धतीनं होतं आणि सुईच्या तपासणीनं आयुष्य कमी होतं असं कुठं आढळलेलं नाही. सासूबाईंना सांगा, सुई न टोचता केलेलं ऑपरेशन हेच जास्त धोक्याचं.

थांबण्याबद्दल: ही गाठ आज दिसली तरी ती बनायला महिने, कधी वर्षं गेलेली असतात. रिपोर्ट आणि दुसरं मत यासाठी दोन-तीन आठवडे गेले तर बिघडत नाही. दोन-तीन महिने मात्र घालवायचे नाहीत. आणि आईच्या किंवा वडिलांच्या बाजूला कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर होता का, घरी विचारून ठेवा. असेल तर बीआरसीए जनुकाची तपासणी सुचवतील. तुमच्या मुलीच्या दृष्टीनंही त्याला अर्थ आहे.

परळला राहिलेली

मी आईबरोबर टाटात राहिलेय. १९४१ पासूनचं हॉस्पिटल, ज्ञानाच्या बाबतीत शंका नाही. पण दीरांना सांगा, तिथं एक तपासणी म्हणजे एक दिवस, आणि संपूर्ण उपचार म्हणजे वर्षाचा बराचसा भाग. राहायला धर्मशाळा मिळेलच असं नाही. फुटपाथवर झोपणारी कुटुंबं मी पाहिलीत. माझं ठाम मत असं की टाटाकडून मत घ्यावं आणि उपचार घराजवळ करावेत. २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड आहे, देशातली बरीच कॅन्सर केंद्रं त्यात जोडलेली आहेत आणि उपचारांचे नियम एकसारखे करण्याचं काम तिथं चालतं. औषधं तीच असतात. किमोनंतर तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या की परळच्या खोलीपेक्षा आपलं अंथरूण बरं.

खानापूरचे मास्तर

वरील ताईंशी सहमत. आमच्या घरी उपचार हुबळीत झाले, नवनगरच्या कर्नाटक कॅन्सर संस्थेत. बेळगावातही किरणोपचार होतात, कोल्हापूर आणि मिरजेतही. बेंगळुरूची किडवाई ही राज्य सरकारची संस्था, १९७३ सालची, राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्री बसलं की सकाळी पोचतो. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री-एसीला तिकीट पूर्ण माफ असतं, सोबत्याला ७५ टक्के सवलत. हॉस्पिटलचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. हुबळीला जायचं तर शक्ती योजनेत बायकांना साध्या बसला तिकीट नाही, आधार कार्ड जवळ ठेवा.

जागा निवडताना मी एकच कसोटी लावेन. तिथं सर्जन, किमोचे डॉक्टर आणि लाईटचे डॉक्टर एका टेबलाशी बसून केस बघतात का? त्याला ट्युमर बोर्ड म्हणतात. तसं असेल तर गाव कुठलं यानं फारसा फरक पडत नाही. नसेल तर दगडी इमारत कितीही मोठी असो, माझी बायको मी तिथं नेणार नाही.

संमतीचा कागद कुणाकडून तरी ओळ न ओळ समजून घ्या. कन्नड येणारा शेजारी, शाळेतले सर, कुणीही चालेल. आपल्या शरीराचं काय होणार ते आपल्या भाषेत कळलंच पाहिजे, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

चंदगडचा

वहिनी, भावोजींच्या पगारातून ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, पैसे कापतात का? महिना २१,००० पर्यंत पगार असेल तर कापायलाच हवेत, आणि ईएसआयमध्ये बायकोच्या उपचाराचाही समावेश असतो. मोठ्या उपचारांना वेगळ्या अटी आहेत, त्या ईएसआय कार्यालयात विचारा. उद्याच पगाराची पावती बघा. फाउंड्रीतले कितीतरी जण कार्ड कपाटात ठेवून कर्ज काढतात.

ईएसआय नसेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक. बीपीएल कार्डाला कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, एपीएलला पॅकेजच्या ३० टक्के आणि तेही दीड लाखापर्यंत. आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं, म्हणजे तुमच्यासाठी बीम्स, बेळगावचं सरकारी हॉस्पिटल. आपल्या भागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्राची महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचा निर्णय २०२३ मध्ये झाला, त्यावरून दोन्ही सरकारांत वाजलं ते तुम्ही वाचलंच असेल. कोल्हापूर-मिरजेकडं जायचा विचार असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्याला, आधी फोन करून, तुमचं गाव आणि कागद सांगून, होकार घ्या आणि मगच निघा. आजारी माणसाला घेऊन काउंटरवर वाद घालत बसायची वेळ येऊ नये.

सांबऱ्याजवळचा

राग मानू नका, पण आमच्याकडं एक पाल्याचा काढा देतात, गाठी विरघळतात. करून बघायला काय जातं? ऑपरेशन नंतर आहेच.

वॉर्डसिस्टर

दादा, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं. पण जातो तो वेळ. काढा घेत घेत महिने काढून, गाठ फुटून वास यायला लागल्यावर आणलेल्या बायकांच्या जखमा मी ड्रेस केल्यात. त्यांतल्या कितीतरी जणी पहिल्यांदा आल्या असत्या तर बऱ्या झाल्या असत्या. हे मी रागानं लिहीत नाही.

ताई, सासूबाईंना दुखवू नका. त्यांना म्हणा, उपचार पूर्ण झाल्यावर डॉक्टरांना विचारून बघू. किमो चालू असताना मात्र कुठलंही चूर्ण, काढा, झाडपाला डॉक्टरांना न सांगता पोटात जाऊ देऊ नका, लिव्हरवर आधीच ताण असतो.

तिसरं गेट, बेळगाव

आयएचसी आलं. ईआर पॉझिटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू ३+. काखेतल्या गाठीत सुई घातली, तिथंही कॅन्सर आहे. छाती-पोटाचं सीटी आणि हाडांचा स्कॅन झाला, बाकी कुठं नाही. हे वाक्य डॉक्टरांकडून ऐकलं तेव्हा मिस्टर खुर्चीत बसून राहिले, बराच वेळ बोललेच नाहीत.

बेळगावातच एका ठिकाणी ट्युमर बोर्डापुढं केस ठेवली. म्हणाले आधी किमो आणि बरोबर ट्रास्टुझुमॅब हे हर-टूवरचं औषध, दर २१ दिवसांनी, सहा वेळा. मग ऑपरेशन, गाठ आकसली तर स्तन वाचवायचा प्रयत्न. मग लाईट. ट्रास्टुझुमॅब एकूण वर्षभर, आणि नंतर हार्मोनची गोळी. स्लाइड्स मुंबईला मतासाठी पाठवल्यात, पण त्यासाठी सुरुवात थांबवायची नाही असं ठरलं. ईएसआय आहे! पगाराच्या पावतीत कापलेलं दिसलं, रेफरलचं काम चालू केलंय. चंदगडच्या भाऊंचे उपकार.

आता एक अडतंय. पर्टुझुमॅब नावाचं आणखी एक औषध घातलं तर चांगलं म्हणाले, पण महाग आहे. घ्यावं का? मंगळसूत्र गहाण ठेवायला मी तयार आहे, मिस्टर नको म्हणताहेत.

घटप्रभा

क्रम योग्य आहे. पहिल्या किमोआधी गाठीत धातूची छोटी खूण ठेवायला सांगा. औषध इतकं लागू पडू शकतं की नंतर सर्जनला गाठ कुठं होती ते सापडत नाही. आणि टूडी इको आधी करून घ्या, पुढंही ठरावीक अंतरानं, कारण ट्रास्टुझुमॅबनं क्वचित हृदयाचं पंपिंग कमी होतं.

पर्टुझुमॅबबद्दल आकडे सांगतो. २०१२ च्या निओस्फिअर अभ्यासात किमो आणि ट्रास्टुझुमॅब घेतलेल्यांपैकी २९ टक्के बायकांच्या स्तनात ऑपरेशनवेळी कॅन्सर शिल्लक नव्हता, पर्टुझुमॅब जोडल्यावर ४६ टक्के. म्हणजे फायदा आहे, आणि काखेत पोचलेल्या रोगात तो जास्त दिसतो. पण पाया ट्रास्टुझुमॅबचा आहे. ते वर्षभर न चुकता मिळणं पहिलं. भारतात त्याचं स्वस्त रूप २०१४ पासून मिळतं, बेंगळुरूच्याच बायोकॉननं ते प्रथम आणलं, आता इतर कंपन्यांचीही आहेत. पर्टुझुमॅब ईएसआयमधून बसलं तर जरूर घ्या. ऑपरेशनआधीच्या डोसांपुरतं घेता येईल का हेही विचारा. पण त्याच्यासाठी दागिने जाऊन पुढं ट्रास्टुझुमॅबचे डोस चुकणार असतील तर माझं मत मिस्टरांच्या बाजूनं.

निपाणीची मावशी

लेकीला सांगितलंस का गं? शेजारीपाजारी काय म्हणत्यात, लगीन जमायचं न्हाई, ते कानावर घेऊ नकोस. माझ्या लेकीचं झालं की.

तिसरं गेट, बेळगाव

सांगितलं मावशी. ती रडली नाही, वही काढून प्रश्न लिहायला बसली. डॉक्टरांकडं आता तीच बोलते, कन्नडपण तिचं चांगलं आहे. सासूबाईंनी गुरुवारचा उपास सोडायचं ठरवलंय, कारण गुरुवारी पहिला किमो आहे आणि सोबत त्याच येणार आहेत. काय काय न्यायचं?

वॉर्डसिस्टर

फाइल, इकोचा रिपोर्ट, रक्ताचे ताजे रिपोर्ट, पुढून बटणं असलेला ब्लाउज किंवा गाऊन. उपाशी जाऊ नका, हलकं खाऊन जा. सलाइन उजव्या हाताला लावायला सांगा. वर्षभर सुया टोचायच्या आहेत, तर छातीत पोर्ट, म्हणजे औषध देण्यासाठी कातडीखाली बसवायची छोटी डबी, बसवायचा का हे आधीच विचारा. घरी थर्मामीटर आणा. किमोनंतर कधीही ताप १००.४ किंवा वर गेला तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजले तरी दवाखान्यात जायचं आणि किमो चालू आहे हे दारातच सांगायचं. त्यासाठी वॉर्डचा नंबर आणि रिक्षावाल्याचा नंबर, दोन्ही फ्रीजवर चिकटवून ठेवा. डोक्याचे केस दोन-तीन आठवड्यांत जायला लागतात, आधीच बारीक कापून घेतले तर त्रास कमी होतो. कापलेली फळं, उघड्यावरचं पाणी, बाजारची चटणी नको. घरची गरम भाकरी, पातळ भाजी, अंडं चालतं.

चंदगडचा

वहिनी, ईएसआय रेफरलच्या कागदावर किती मुदत लिहिलीय ते बघा. संपायच्या आधी नवा घ्यावा लागतो, नाहीतर मधला डोस अडकतो. शनिवारी मी बेळगावात आहे, भावोजींबरोबर कार्यालयात यायला तयार आहे.

तिसरं गेट, बेळगाव

या भाऊ. यांना सांगते. बारा वाजायच्या आत जाऊ, शनिवारी लवकर बंद करतात.